खराब पेट्रोलनंतर गाडी झटके मारतेय: इंजेक्टर बदलायच्या आधी काय बघायचं

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी सांगतो. टाकी फुल केली, घरापर्यंत गाडी नीट आली, दुसऱ्या दिवशी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर एकदाची सुरू झाली आणि तेव्हापासून मिसिंग (एखाद्या सिलेंडरमध्ये मध्येच पेट्रोल न जळणं), झटके आणि चेक इंजिनचा दिवा. गॅरेजमध्ये टाकीतून थोडं पेट्रोल काढलं, ॲडिटिव्हची बाटली ओतली, प्लग नवीन टाकले. काही दिवस बरी चालली आणि आता परत तेच, त्यातही चढावर आणि वळणावर जास्त. आता मेकॅनिक म्हणतोय चारही इंजेक्टर (इंजिनमध्ये पेट्रोल फवारणारे भाग) आणि टाकीतला फ्युएल पंप बदलू. आणि तुम्ही विचारताय की खराब पेट्रोल तर काढलं, मग अजून त्रास का, इंजेक्टर खरंच गेले असतील का, आणि ॲडिटिव्हची दुसरी बाटली टाकू का?

माझा अंदाज असा की खराब पेट्रोल पूर्ण निघालेलंच नाही. इंजेक्टर गेलेच नसतील असं छातीठोक सांगता येत नाही, पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीयत त्यात इंजेक्टरचा नंबर बराच खाली लागतो. आणि मुख्य म्हणजे ते गेलेत की नाही हे एक पैशाचाही पार्ट न बदलता कळू शकतं, तो प्रकार खाली सांगतोच.

एक गृहीत धरतोय, गाडी पेट्रोलची आहे आणि साध्या पोर्ट इंजेक्शनची आहे, म्हणजे पेट्रोल सिलेंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जातं. डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलेंडरमध्ये फवारा) असेल तर विचार करायची पद्धत तीच, पण तिथे हाय प्रेशर पंपानंतरचं प्रेशर शंभर-दोनशे बारच्या पुढे जातं, त्या बाजूचं काही स्वतः उघडू नका. डिझेल असेल तर बऱ्याच गोष्टी वेगळ्या, त्याचं शेवटी लिहितो.

आता "थोडं काढलं" यात काय गडबड आहे ते बघू. पाणी पेट्रोलपेक्षा जड, पेट्रोलची घनता ०.७२ ते ०.७८ च्या दरम्यान आणि पाण्याची १, त्यामुळे पाणी तळाला बसतं आणि पंपाचं तोंडही तळालाच असतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि तिथे हिशोब बदलतो. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, १० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये साधारण १५ अंश सेल्सिअसला अर्धा टक्का वगैरे पाणी विरघळून राहू शकतं, म्हणजे ४० लिटरच्या टाकीत २०० मिली. तेवढ्यापर्यंत गाडी फारशी तक्रार करत नाही. त्याच्या वर गेलं किंवा रात्री तापमान उतरलं की ते सांभाळता येत नाही आणि मग नुसतं पाणी खाली येत नाही, पाणी इथेनॉललाही सोबत घेऊन खाली बसतं. १० टक्क्यांच्या हिशोबाने ४० लिटरमध्ये इथेनॉलच ४ लिटर आहे, त्यातला मोठा भाग खाली आला तर तळाचा थर कित्येक लिटरचा होतो. मग एक-दोन लिटर काढून काय होणार? आणि वर जे पेट्रोल उरतं त्यातून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही (अवेळी पेट न घेण्याची ताकद) घसरलेला असतो, म्हणजे तळ साफ केला तरी वरचं पेट्रोल धड नाही, चढावर इंजिन नॉक करू शकतं (आतून टकटक आवाज). म्हणून थर पडलाय हे एकदा दिसलं की सगळी टाकी रिकामी करायची, अर्धवट काम नाही.

घरापर्यंत गाडी नीट आली आणि सकाळी बिघडली, त्यामुळे पेट्रोल खराब नव्हतंच असा वाद कोणी घातला तर त्यात दम नाही. एक कारण वर आलंच, रात्री तापमान उतरलं की थर पडतो. दुसरं म्हणजे टाकीपासून इंजिनपर्यंतच्या पाइपात आणि फिल्टरमध्ये जुनं चांगलं पेट्रोल भरलेलं असतं, समजा दीड-दोनशे मिली. गाडी किलोमीटरला ६० मिली खात असेल तर तेवढ्यावर अडीच-तीन किलोमीटर सहज जातात. ज्या गाड्यांमध्ये इंजिनकडून टाकीत परत येणारी रिटर्न लाइन आहे तिथे पेट्रोल सतत फिरत असतं, त्यामुळे तिथे त्रास पेट्रोल पंपाच्या गेटबाहेर पडताच सुरू होतो. तुमची बहुतेक रिटर्न नसलेली असणार.

तर पहिलं काम, पेट्रोल खराब आहे हे सिद्ध करा. काचेची स्वच्छ, पारदर्शक बाटली घ्या आणि टाकीतून नमुना काढा. मात्र वरून नळी टाकून काढलेला नमुना नको, पंपाच्या बाजूने, म्हणजे फिल्टरच्या आधीची किंवा रेलकडे (सगळ्या इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) जाणारी पाइप सोडून जे येतं ते हवं, कारण इंजिन तेच पितंय. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी पहिलं जे येतं ते सगळ्यात बोलकं. बाटली भरली की हलवा आणि सपाट जागेवर ठेवून द्या. पाणी असेल तर सुरुवातीला सगळं दुधाळ, गढूळ दिसतं, मग हळूहळू वरून स्वच्छ होत येतं आणि तळाला बारीक गोळे जमतात, बाटली तिरकी केली की ते साबुदाण्यासारखे एकमेकांना चिकटत घरंगळतात आणि शेवटी एक सरळ रेष तयार होते. थर आहे की नुसता काचेचा भास आहे कळत नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचा एक थेंब टाका, तो वरच्या पेट्रोलमध्ये पसरत नाही, खाली जाऊन तळाचा थर रंगवतो. तासाभरात काहीच दिसलं नाही तर रात्रभर ठेवा, घाई करू नका.

पाणी नसेल तर भेसळ किंवा चुकीचं इंधन. पांढऱ्या कागदावर थेंब टाका, चांगलं पेट्रोल उडून जातं आणि जवळपास काही मागे ठेवत नाही, डिझेल किंवा रॉकेल मिसळलेलं असेल तर तेलकट डाग राहतो. शेजारी खात्रीच्या पेट्रोलचा थेंब टाकून तुलना करा, नुसता एक डाग बघून निकाल देऊ नका. वास पण घ्या, पण नाकाशी धरून हुंगू नका, हाताने वारा घालून घ्या. ही कागदाची चाचणी ढोबळ आहे, थोडी भेसळ त्यात पकडली जाणार नाही, पण तुमच्यासारखा त्रास होण्याइतकी असेल तर बहुतेक दिसते.

हा नमुना फेकू नका. दोन बाटल्या काढा, एक झाकण घट्ट लावून, तारीख लिहून, गाडीपासून आणि घरापासून लांब सावलीत ठेवा, पावतीचा फोटो काढून ठेवा. पेट्रोल पंपाकडे भरपाई मागायची तर याशिवाय तुमच्या हातात काहीच नाही. शक्य असेल तर त्याच दिवशी तिथे भरलेल्या दुसऱ्या कोणाला त्रास झाला का तेही विचारा, एकाच पंपाच्या दोन-तीन गाड्या निघाल्या तर बोलणं सोपं जातं.

तुम्ही जे चढ आणि वळण लिहिलंय ना, ती माझ्या दृष्टीने प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ आहे. या दोन गोष्टी वेगळ्या करून बघा. वळणावर रेस सोडलेली असताना, किंवा उतारावर गाडी नुसती जात असतानाही थोड्या वेळाने झटका येतो का? येत असेल तर टाकीत तळाचा थर इकडून तिकडे हलतोय आणि अधूनमधून पंपाच्या तोंडाशी येतोय, म्हणजे टाकी साफ नाही. आणि झटका फक्त जोर लागतो तेव्हाच येत असेल, चढ असो नाहीतर सपाट रस्त्यावर जोरात ओव्हरटेक असो, तर पेट्रोल पुरत नाहीये, म्हणजे फिल्टर चोक किंवा पंप दमलाय. दोन्ही एकत्रही असू शकतं, खराब पेट्रोलसोबत गंज आणि गाळ आला असेल तर तेच होतं. पण रोग वेगळा म्हणजे औषध वेगळं.

टाकी रिकामी करायचं म्हणाल तर आजकाल भरायच्या तोंडातून नळी जातच नाही, मध्ये झडप असते. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली पंपाचं झाकण असतं, तिथून पंपाचा डबा वर काढून तळ पूर्ण टिपता येतो, आणि मला हीच पद्धत पसंत आहे कारण डोळ्याने तळ दिसतो. पंपालाच रिलेच्या जागी जंपर देऊन किंवा स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) चालवून पाइपातून रिकामं करता येतं पण पंपाच्या डब्यातलं आणि कोपऱ्यातलं उरतंच, वर पंप कोरडा चालून जळायची भीती. फोर व्हील ड्राइव्ह गाडीची टाकी शाफ्टच्या दोन बाजूंना खोगिरासारखी असते, तिथे दुसरी बाजू विसरतात आणि मग टाकी साफ केली तरी तेच, ही तक्रार येते.

हे काम करताना सावध रहा हे सांगायला नको पण सांगतो, कारण यात माणसं भाजतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचते, म्हणून सर्व्हिस पिटवर हे काम नाही, उघड्यावर करा. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे लाइनमधलं प्रेशर जातं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. डबा जमिनीवर ठेवून भरा, हातात धरून नको. तोंडाने नळी ओढायची नाही, घरचा व्हॅक्युम क्लीनर लावायचा नाही (हसू नका, लोक लावतात). आग विझवायचा सिलेंडर हाताशी. आणि काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, आणि दुसऱ्या गाडीत थोडं थोडं मिसळून संपवायची कल्पनाही सोडा. हे सगळं वाचून मन धजावत नसेल तर गॅरेजमध्येच करून घ्या, फक्त समोर उभं राहून तळ कोरडा झालेला बघा.

टाकी साफ झाली की फिल्टर. बाहेर असेल तर नवीनच टाका, साफ करून परत बसवण्यात अर्थ नाही, ओला कागद फुगतो. पंपाच्या डब्यातच फिल्टर असेल तर निदान खालची जाळी काढून बघा. मग लाइनमधलं जुनं पेट्रोल बाटलीत सोडून द्या, नवीन पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत. हे काम राहून गेलं की होतं तेच, "दोन दिवस बरी चालली आणि परत बिघडली".

आता तो इंजेक्टरचा निकाल लावणारा प्रकार. टाकीला हातच लावायचा नाही, रेलला बाहेरून पेट्रोल द्यायचं. चांगल्या गॅरेजमध्ये यासाठी पंप लावलेला वेगळा डबा असतो, गाडीला लागतं ते प्रेशर, पोर्ट इंजेक्शनला बहुतेक वेळा ३ ते ४ बार, सेट करून खात्रीचं पेट्रोल थेट रेलला देतात. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, रेस देऊन बघा. गुळगुळीत चालायला लागलं तर इंजेक्टर, प्लग, कॉईल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) सगळं ठीक आहे आणि दोष रेलच्या मागे आहे, टाकी, पंप, फिल्टर. तरीही मिसिंग तसंच असेल तर दोष रेलच्या पुढे. मेकॅनिकला हे करून दाखवायला सांगा. कोणी म्हणालं याची गरज नाही, माझ्या अनुभवावरून सांगतो इंजेक्टरच आहेत, तर मी त्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढीन.

बाहेरून चांगलं पेट्रोल देऊनही मिस करत असेल तर स्कॅनर लावून बघा कोणता सिलेंडर. कोड पी०३०० म्हणजे कुठलाही, पी०३०१ म्हणजे पहिला, पी०३०२ दुसरा, असं. पेट्रोल खराब असेल तर शक्यतो सगळे सिलेंडर थोडे थोडे मिस करतात. एकच सिलेंडर सारखा येत असेल तर त्याची कॉईल दुसऱ्यावर टाका, मिसिंग कॉईलसोबत गेलं तर कॉईल, नाही गेलं तर प्लग अदलाबदल करा, तरीही तिथेच राहिलं तर मग त्या सिलेंडरचा इंजेक्टर, आणि तो पण आधी काढून बेंचवर फ्लो आणि स्प्रे बघायचा, अल्ट्रासॉनिकने साफ करायचा, मग बदलायचं. एक खराब म्हणून चारही, हा हिशोब मला पटत नाही. मात्र पाणी महिनाभर तसंच पडून असेल तर आत गंज धरतो आणि तेव्हा चारही इंजेक्टर आणि पंप जाऊ शकतात, म्हणून म्हटलं की छातीठोक सांगता येत नाही. पंपाचंही तसंच, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि तेच त्याचं वंगण, पाणी पिऊन बराच वेळ चाललेला पंप आवाज करायला लागतो, त्याचं प्रेशर रेस देताना टिकतंय का ते गेज लावून बघा. नुसतं उभ्या गाडीचं प्रेशर बघून पास करू नका, चोक फिल्टरमागेही उभ्या गाडीत प्रेशर छान दिसतं.

स्कॅनरवरच आणखी एक गोष्ट बघायची, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल देतोय. पाणी जळत नाही, त्या सिलेंडरमधला ऑक्सिजन न वापरता सायलेन्सरकडे जातो, तिथल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. दोन आठवडे असं चाललं की लाँग टर्म ट्रिममध्ये ते बसून जातं. आता चांगलं पेट्रोल भरलं तरी ईसीयू जुन्या सवयीने जास्तच देतो, गाडी जड चालते, सायलेन्सरला पेट्रोलचा वास येतो आणि लोकांना वाटतं काहीच फरक पडला नाही. म्हणून साफसफाईनंतर कोड आणि ट्रिम दोन्ही रिसेट करायचे आणि गाडीला थोडं सगळ्या स्पीडला चालू द्यायचं. त्यानंतर ट्रिम साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत स्थिरावला तर समजा जमलं. जोर देताना तो वर वर जात असेल तर पेट्रोल पुरत नाही. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर नॉर्मल होत असेल तर कुठेतरी हवा ओढतेय, त्याचा या पेट्रोलशी संबंध नाही, योगायोग.

प्लग नवीन टाकलेत म्हणालात, ते जुने प्लग गॅरेजमधून मागून घ्या आणि आताचेही एकदा काढा. काळे आणि ओले तेलकट असतील तर डिझेल-रॉकेलची शंका. काजळी सुकी असेल तर मिश्रण जास्त होतंय. विटकरी-केशरी रंगाचा थर असेल तर पेट्रोलमध्ये लोह किंवा मँगनीज असलेलं ऑक्टेन वाढवायचं रसायन पडलंय, तो थर गरम झाल्यावर वीज वाहून नेतो आणि प्लग आयडलला ठीक पण जोर लागला की मिस करतो, अगदी तुमच्या चढासारखं. असे प्लग ब्रशने घासून परत लावू नका, पेट्रोल बदलल्यावर नवीनच टाका.

ॲडिटिव्हबद्दल, कारण तुम्ही दुसरी बाटली टाकू का विचारलंय. पाणी काढणाऱ्या बाटलीत बहुतेक आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते थोडंसं पाणी पेट्रोलमध्ये मिसळून जाळायला मदत करतं, चमचाभर असेल तर उपयोग होतो, तळाला लिटरभर थर असेल तर नाही. इंजेक्टर क्लीनर वेगळी गोष्ट, त्यात साबणासारखं काम करणारं रसायन असतं, ते कार्बन सोडवतं, पाण्याला काही करत नाही. टाकी साफ झाल्यावर एखादी क्लीनरची बाटली टाकली तर टाका, पण आत्ता नको, आत्ता ती टाकून फक्त नमुना बिघडेल.

दोन गोष्टी लोक विसरतात आणि त्याच पुढे महागात पडतात. पहिली, इंजिन ऑइल. मिस होणाऱ्या सिलेंडरमधलं न जळलेलं पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून लेव्हल वर गेलीय का बघा आणि वास घ्या, पेट्रोलचा वास येत असेल तर किलोमीटर किती झाले ते न बघता ऑइल आणि फिल्टर बदला, पातळ ऑइलवर बेअरिंगं खराब होतात. दुसरी, कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेतली धूर शुद्ध करणारी जाळी. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जा, पण लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. लुकलुकणं म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे जळतंय, आतली जाळी वितळू शकते. ती वितळून तुंबली तर टाकी, पंप, इंजेक्टर सगळं नवीन टाकलं तरी गाडी वरच्या आरपीएमला चढणार नाही. शंका असेल तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे बॅक प्रेशरचा गेज लावून बघता येतं, तो सेन्सर निघालाच आहे तर त्याचं टोकही बघा. टोकावर पांढरट खडूसारखा थर असेल तर सिलिकॉन. हा प्रकार विरळा पण काल्पनिक नाही, २००७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडच्या आग्नेय भागात सिलिकॉन मिसळलेलं पेट्रोल विकलं गेलं आणि असंख्य गाड्यांचे ऑक्सिजन सेन्सर गेले, गाड्या झटके मारून बंद पडत होत्या. तेव्हाही मूळ पेट्रोल काढून सेन्सर बदलल्यावर बहुतेक गाड्या ठीक झाल्या, इंजिन खोलायची वेळ आली नाही.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. पाणी असेल तर फिल्टरखाली स्क्रू असतो, तो सोडून आधी पाणी काढा, डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला असेल तर तेच सांगतोय. फिल्टरमध्ये काळपट चिकट शेवाळासारखं निघालं तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढलेत, नुसता फिल्टर बदलून ते परत येणार, टाकी धुवावी लागते. आणि चुकून डिझेल गाडीत पेट्रोल पडलं असेल तर चावीही फिरवू नका, नुसतं इग्निशन ऑन केलं तरी टाकीतला पंप ते पुढे ढकलतो. हाय प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण, पेट्रोल गेलं की तो स्वतःला खरवडून घेतो आणि तो चुरा इंजेक्टरपर्यंत जातो. तिथे इंजेक्टर बदलायला सांगणारा मेकॅनिक बऱ्याचदा बरोबर असतो.

तुमच्या गाडीकडे परत येतो. आज टाकी जशी आहे तशीच ठेवा, वर आणखी पेट्रोल टाकून पातळ करू नका. उद्या सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी पंपाच्या बाजूने नमुना काढा. थर दिसला तर टाकी, फिल्टर, लाइन, रिसेट, या क्रमाने, आणि इंजेक्टरचा विषय तोपर्यंत बाजूला. थर नाही दिसला तर बाहेरच्या डब्यावर इंजिन चालवून बघा. मग मला चार गोष्टी कळवा: बाटलीत काय दिसलं, फॉल्ट कोड नेमके कोणते, आयडलला आणि २५०० आरपीएमला ट्रिम किती, आणि डिपस्टिकला वास येतो का. त्यावरून पंप बघायचा की कॉईल ते नक्की सांगता येईल.